प्रश्न वाचकांचे : डेट्रॉइटची क्रायस्लर आणि कुर्ल्याची डॉज

गेल्या अंकात वालचंद हिराचंद यांच्यावर एक छोटे टिपण आले होते. सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या या उद्योजकाने अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत मोटारींचा कारखाना काढला, एवढाच उल्लेख त्यात क्रायस्लरविषयी होता. त्या एका वाक्यावर सोलापूरहून इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्या कंपनीच्या इतिहासालाच द्यावे लागत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मेकॅनिक चौकाजवळ माझ्या वडिलांचे ट्रकदुरुस्तीचे गॅरेज होते. तेथे डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा तीन नावांचे ट्रक येत. वडील एकाचा क्राउन-पिनियन (चाकांना गती देणारी दातेरी चक्रे) दुसऱ्याला बिनदिक्कत बसवीत आणि ‘आई एकच, लेकरे तीन’ असे म्हणत. या तीन कंपन्या होत्या की एक? (निवृत्त मोटार मेकॅनिक, सोलापूर)

उत्तर : आपल्या वडिलांचे निदान अचूक होते. तिन्ही नावे क्रायस्लर कॉर्पोरेशनचीच होती आणि पुष्कळदा ट्रकही एकच असे; फरक असलाच तर तो बॉनेटवरच्या नावात आणि समोरच्या जाळीत. यामागचा हिशेब व्यापारी होता. क्रायस्लरच्या निरनिराळ्या मोटारी विकणारे विक्रेते निरनिराळे असत. ट्रक केवळ डॉजच्या नावाने विकला, तर बाकीच्या विक्रेत्यांना ट्रकच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले असते. म्हणून तोच ट्रक फार्गो किंवा डिसोटो या नावाने त्यांच्याही दारात उभा केला जाई. एकाच मागावरचा कपडा दोन पेढ्यांच्या शिक्क्यांनी विकला जाणे सोलापूरकरांना नवे वाटू नये.

यांतले डॉज हे घराणे मात्र मूळचे क्रायस्लरचे नव्हे. जॉन आणि होरेस हे डॉज बंधू डेट्रॉइटचे कसबी यंत्रकार होते. १९०३ मध्ये हेन्री फोर्ड यांची कंपनी निघाली, तेव्हा तिला इंजिने, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल हेच बंधू पुरवीत आणि तिचे समभागही त्यांच्याकडे होते. १९१४ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची मोटार काढली. पण १९२० या एकाच वर्षात दोघेही भाऊ वारले. त्यांच्या विधवांनी १९२५ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या एका वित्तपेढीला १४ कोटी ६० लाख डॉलरना विकली. पेढीला पैशाचा व्यवहार कळत होता, मोटारींचा नव्हे. अखेर १९२८ मध्ये वॉल्टर क्रायस्लर यांनी डॉज कंपनी सुमारे १७ कोटी डॉलरच्या सौद्यात, रोख रक्कम न मोजता मुख्यतः समभागांच्या अदलाबदलीने, आपल्याकडे घेतली. डॉजचा पसारा तेव्हा क्रायस्लरहून मोठा होता, त्यामुळे धाकट्याने थोरल्याला दत्तक घ्यावे असा हा प्रकार झाला. परंतु क्रायस्लरला ज्याची उणीव होती ते ओतकामाचे कारखाने आणि देशभर पसरलेले विक्रेते तिला या एका सौद्यात मिळाले. त्याच वर्षी कंपनीने प्लिमथ ही स्वस्त आणि डिसोटो ही मधल्या किमतीची, अशा दोन नव्या मोटारी बाजारात आणल्या. जेमतेम तीन वर्षांचे वय असलेली ही कंपनी जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्या पंक्तीत तिसऱ्या पाटावर जाऊन बसली. हा तिसरा पाट लक्षात ठेवावा, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ त्यातच आहे.

आपल्या गॅरेजात आलेले ट्रक डेट्रॉइटहून थेट आलेले असण्यापेक्षा वालचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून निघालेले असण्याचा संभव अधिक. त्याविषयी खाली येईलच.

प्रश्न : कंपनी स्थापन करणारे वॉल्टर क्रायस्लर अभियंते होते का? त्यांनी नवी कोरी मोटार विकत घेऊन चालवण्याआधीच ती खोलून टाकली, असे आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितले. त्यात तथ्य किती? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, अशोक चौक परिसर)

उत्तर : तथ्य पूर्ण आहे. महाविद्यालयाची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती. वॉल्टर क्रायस्लर यांचा जन्म १८७५ मध्ये कॅन्सस राज्यातला. वडील रेल्वेत इंजिनचालक. एलिस या रेल्वेच्या गावी वाढलेल्या या मुलाने रेल्वेच्या कार्यशाळेत झाडूकामापासून सुरुवात केली. झाडूकामाला तासाला १० सेंट मिळत आणि उमेदवारी करणाऱ्याला ५ सेंट. तरी त्याने हट्टाने उमेदवारी पत्करली. हातची हत्यारे विकत घेणे परवडत नसल्यामुळे कित्येक हत्यारे त्याने स्वतः घडवली. कसब शिकायला मिळत असेल तर कमी पैशांची जागा घ्यायची, ही खोड पुढेही कायम राहिली.

१९०८ मध्ये ते शिकागो ग्रेट वेस्टर्न रेल्वेत वरच्या हुद्द्यावर होते. शिकागोच्या मोटार प्रदर्शनात त्यांना पांढऱ्या रंगाची, आतून लाल गादीची लोकोमोबिल मोटार दिसली. किंमत ५,००० डॉलर. गाठीला ७०० डॉलर. उरलेले ४,३०० डॉलर कर्ज काढून त्यांनी ती घेतली, रेल्वेने आयोवातील घरी आणली, आणि हौसेने बाहेर फिरवण्याऐवजी शेडमध्ये लावून तिचा भाग न् भाग सुटा केला, त्याच्या आकृत्या काढल्या, पुन्हा जोडला, पुन्हा सोडवला. काही महिने मोटार घरात असूनही घरच्यांना तिच्यात बसायला मिळाले नाही. पत्नी डेला यांनी हे कसे सोसले असेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे रेल्वे इंजिने बनवणाऱ्या कंपनीतील चांगली जागा सोडून, कमी पगारावर, ते जनरल मोटर्सच्या ब्युइक कारखान्यात गेले. रेल्वे कार्यशाळेतील शिस्त त्यांनी तेथे आणली. लाकडी बग्ग्या बनवण्याच्या सवयीतून मोटारी बनवल्या जात होत्या, त्या धातुकामाच्या पद्धतीने बनू लागल्या आणि उत्पादन अनेक पटींनी वाढले. जनरल मोटर्सचे संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी ब्युइकच्या अध्यक्षपदासाठी त्यांना वर्षाला ५ लाख डॉलर देऊ केले. ड्युरंट यांच्या उधळ्या कारभाराशी न पटल्याने त्यांनी जनरल मोटर्स सोडली. त्यानंतर डबघाईला आलेली विलिस-ओव्हरलँड कंपनी सावरण्यासाठी तिच्या कर्जदात्या बँकांनी त्यांना वर्षाला १० लाख डॉलर पगार दिला. तेथून ते मॅक्सवेल या दुसऱ्या आजारी कंपनीकडे गेले आणि तिच्याच पोटातून ६ जून १९२५ रोजी क्रायस्लर कॉर्पोरेशन जन्मली.

तुम्ही अभियांत्रिकी शिकत आहात म्हणून पहिल्या मोटारीबद्दल थोडे अधिक सांगतो. झेडर, स्केल्टन आणि ब्रिअर या तीन अभियंत्यांनी ती घडवली. जानेवारी १९२४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात तिला जागा नाकारण्यात आली, कारण ज्या मोटारींची विक्री सुरू आहे त्यांनाच तेथे प्रवेश होता. क्रायस्लर यांनी मग व्यापारी आणि सावकार ज्या कमोडोर हॉटेलात उतरत, त्याचा दर्शनी दिवाणखानाच भाड्याने घेतला आणि मोटार तेथे मांडली. सहा सिलिंडर, ६८ अश्वशक्ती, ताशी ७० मैलांचा वेग आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, हे सारे मध्यम किमतीच्या गाडीत पाहायला मिळणे तेव्हा अपूर्व होते. त्या काळी बहुतेक मोटारींचे ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जात. एखादी सळी सैल पडली की एक चाक आधी धरे, दुसरे मागाहून, आणि गाडी बाजूला खेचली जाई. नळीत कोंडलेला द्रव मात्र सर्व दिशांना सारखाच दाब पोहोचवतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शाळेतच शिकला आहात. ही कल्पना क्रायस्लरची नव्हे. ती माल्कम लॉकहीड यांची, आणि महागड्या ड्युसेनबर्ग मोटारीत ती आधीच आली होती. पण मूळ रचनेतील चामड्याच्या वाट्या गळत असत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्या जागी रबराच्या वाट्या बसवल्या आणि हे ब्रेक सर्वसामान्यांच्या गाडीत आणण्याजोगे केले. त्या मोटारीच्या पहिल्या वर्षात सुमारे ३२,००० गाड्या खपल्या. माझ्या मते या कंपनीच्या पुढील शंभर वर्षांतील सर्व उत्तम कामाचा नमुना याच रबरी वाटीत आहे.

प्रश्न : वालचंद शेठांनी फोर्ड किंवा जनरल मोटर्स सोडून क्रायस्लरच का निवडली? आणि जन्मगाव असूनही त्यांनी मोटारींचा कारखाना सोलापुरात का काढला नाही? (यंत्रमागधारक, सोलापूर, याच आशयाची आणखी चार पत्रे)

उत्तर : पहिली गोष्ट अशी, की निवड एकतर्फी नव्हती. वालचंद यांची पहिली बोलणी फोर्डशीच झाली होती आणि ती फिसकटली. याचे कारण समजून घ्यायला तेव्हाचा बाजार पाहावा लागतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती आणि फोर्डच्या कॅनडातील कंपनीचीही भारतात शाखा होती. पेट्यांतून सुटे भाग आणायचे, येथे जोडायचे आणि विकायचे, असा हा सुखाचा धंदा होता. ज्यांचा स्वतःचा जम बसलेला आहे, ते एका भारतीयाला कारखाना उभारून देण्यासाठी कशाला हात देतील? तिसऱ्या क्रमांकाच्या क्रायस्लरला मात्र यात गमावण्यासारखे थोडे आणि मिळवण्यासारखे पुष्कळ होते. १९४० मध्ये करार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉल्टर क्रायस्लर वारले.

या दोघांच्या आयुष्यातील एक साम्य मला फार लोभस वाटते. वॉल्टर रेल्वेच्या कार्यशाळेतून वर आले. वालचंद यांनीही घरचा सावकारी-व्यापारी पेढीचा व्यवसाय बाजूला ठेवून रेल्वेच्या कंत्राटांनी सुरुवात केली, आणि त्यांच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वेचे होते. फाटक नावाच्या भागीदाराबरोबर त्यांनी ती कंत्राटे घेतली. पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही क्षेत्रांत परकीयांची मक्तेदारी मोडण्याचा त्यांनी ध्यास घेतला.

मोटार कारखान्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली होती आणि वालचंद तिचे खंदे समर्थक होते. मुंबई प्रांताचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते. परंतु ते १९३९ मध्ये पायउतार झाले आणि युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने या कारखान्याला साहाय्य करण्याचे नाकारले. करार हातात, पण कारखाना कागदावर, अशी काही वर्षे गेली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या नावांची वाहने १९४७ पासून बाहेर पडू लागली.

आता सोलापूरचा प्रश्न. आरंभीच्या काळात बहुतेक भाग जहाजाने येणार होते, तेव्हा कारखाना बंदराजवळ असणे ओघानेच आले. शिवाय कुशल कारागीर आणि मोटारींचे गिऱ्हाईक दोन्ही मुंबईत. वालचंद यांचा घरच्या मुलखाचा जिव्हाळा मोटारीतून नव्हे, साखरेतून प्रकट झाला. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर सोलापूरहून फार दूर नाही.

त्यांचा हट्ट किती रास्त होता, हे १९५३ च्या जकात आयोगाच्या अहवालानंतर दिसून आले. ज्यांच्याकडे भाग येथेच बनवण्याची योजना असेल, त्यांनाच मोटारधंद्यात राहू द्यावे, असे धोरण सरकारने स्वीकारले. केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघी बलाढ्य कंपन्यांनी त्यानंतर येथला कारभार आवरला आणि कुर्ल्याची प्रीमियर टिकली. वालचंद हे पाहायला नव्हते. एप्रिल १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

प्रश्न : न्यूयॉर्कची क्रायस्लर बिल्डिंग कंपनीच्या मालकीची आहे का? (वाचक, होटगी रोड)

उत्तर : नाही, आणि ती कधीच नव्हती. वॉल्टर क्रायस्लर यांनी ती कंपनीच्या पैशाने न बांधता स्वतःच्या पैशाने बांधली. १९३० मध्ये पूर्ण झालेली ही ७७ मजली इमारत १,०४६ फूट उंच असून, एम्पायर स्टेट बिल्डिंग होईपर्यंत, म्हणजे जेमतेम वर्षभर, ती जगात सर्वांत उंच होती. प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून तिचा पोलादी कळस इमारतीच्या आत गुपचूप तयार करून ऑक्टोबर १९२९ मध्ये अचानक वर चढवण्यात आला. कोपऱ्यांवरचे गरुड आणि रेडिएटरच्या झाकणांसारखी शिल्पे मोटारींवरून घेतलेली आहेत. याच इमारतीत वॉल्टर यांनी उमेदवारीच्या काळात घडवलेल्या हत्यारांची पेटी मांडून ठेवली होती.

प्रश्न : इतके हुशार अभियंते असताना ही कंपनी पुन्हापुन्हा अडचणीत का आली? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

उत्तर : हुशारी हेच एक कारण होते, असे म्हटले तर आपण रागावू नये. १९३४ ची एअरफ्लो मोटार पाहा. कार्ल ब्रिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग केले, तेव्हा त्यांना आढळले की त्या काळच्या मोटारी उलट्या तोंडाने धावल्या तर वाऱ्याला कमी अडतात. म्हणून त्यांनी पुढून गोलाकार मोटार बनवली, इंजिन पुढच्या चाकांवर सरकवले आणि मागचे प्रवासी मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आणून बसवले. आज आपण ज्या मोटारीत बसतो, तिची मांडणी थोडीफार अशीच असते. गिऱ्हाइकाला मात्र ते नाक बघवेना. त्यात आरंभीच्या गाड्या उशिरा आणि सदोष आल्या. १९३७ नंतर ती बंद झाली आणि कंपनी कित्येक वर्षे बुजल्यासारखी साध्या, चौकोनी गाड्या काढत राहिली.

दुसऱ्या टोकाची चूक १९५७ ची. व्हर्जिल एक्स्नर यांनी रेखाटलेल्या, उंच शेपट्यांच्या, बुटक्या आणि देखण्या गाड्या पाहून प्रतिस्पर्धी हादरले. परंतु त्या घाईघाईने बाजारात आणल्यामुळे दारांतून पाणी झिरपू लागले आणि पत्रे लवकर गंजू लागले. या वेळी गिऱ्हाईक रूपावर भाळले आणि कामगिरीवर चिडले. डिसोटो मोटारींचे उत्पादन १९६० च्या अखेरीस कायमचे थांबले.

आणि हौसेला मोल नसते, याचे उदाहरण म्हणजे १९६३ ची टर्बाइन मोटार. विमानाच्या इंजिनासारख्या टर्बाइनवर चालणाऱ्या ५० गाड्या कंपनीने २०३ सामान्य गिऱ्हाइकांना आळीपाळीने फुकट वापरायला दिल्या. ती गाडी डिझेलवर चाले, रॉकेलवरही चाले. प्रयोग संपल्यावर बहुतेक गाड्या मोडीत काढल्या गेल्या.

अशा चुका जनरल मोटर्सनेही केल्या आहेत. पण तिची तिजोरी मोठी होती. तिसऱ्या पाटावर बसणाऱ्याला नवी मोटार घडवण्याचा खर्च तेवढाच येतो, फक्त तो कमी गाड्यांवर वाटला जातो. एखादे साल वाईट गेले की त्याला सावकाराचे दार गाठावे लागते.

प्रश्न : अमेरिकी सरकारने १९७९ च्या सुमारास क्रायस्लरला कर्ज दिले होते, असे वाचले. खासगी कंपनीला सरकारी कर्ज कसे? आणि ते फिटले का? (सहकारी बँकेतील निवृत्त अधिकारी, सोलापूर)

उत्तर : आपण बँकेत काम केले असल्याने हा फरक आपल्याला चटकन कळेल : सरकारने कर्ज दिले नव्हते, सरकार जामीन राहिले होते.

आधी दुखण्याविषयी. १९७३ च्या तेलटंचाईनंतर मोठ्या गाड्यांचा खप घसरला, आणि क्रायस्लरकडे लहान गाड्या थोड्या होत्या. त्यात कंपनीला एक जुनी वाईट सवय होती : विक्रेत्यांची मागणी आलेली नसतानाच गाड्या बनवून मोकळ्या मैदानांत रांगा लावून ठेवायच्या आणि तिमाही संपताना विक्रेत्यांच्या गळ्यात सवलतीने मारायच्या. याला तेथे ‘विक्री-पेढी’ म्हणत. शिल्लक माल हीच मिळकत समजण्याच्या या पद्धतीला आपण बँकेत काय नाव दिले असते, ते आपणच ठरवावे. १९६० च्या दशकात घेतलेल्या फ्रान्समधील सिम्का, ब्रिटनमधील रूट्स आणि स्पेनमधील बॅरेरोस या कंपन्यांचे ओझे वेगळेच. तो सगळा युरोपचा व्यवसाय १९७८ मध्ये प्यूजोला विकून टाकावा लागला.

त्याच वर्षी हेन्री फोर्ड द्वितीय यांनी आपल्या कंपनीचे अध्यक्ष ली आयकोका यांना काढून टाकले आणि नोव्हेंबरमध्ये ते क्रायस्लरमध्ये आले. १९७९ चा तोटा १.१ अब्ज डॉलर होता, पुढच्या वर्षीचा १.७ अब्ज. अमेरिकी संसदेत कडाक्याचा वाद होऊन हमीचा कायदा मंजूर झाला आणि ७ जानेवारी १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली. मर्यादा १.५ अब्ज डॉलरची. कंपनीने प्रत्यक्षात उचलले १.२ अब्ज. बदल्यात सरकारने कंपनीच्या मालमत्तेवर पहिला बोजा चढवला, आणि बँका, पुरवठादार, विक्रेते व कामगार या सर्वांनी आपापला वाटा सोडावा, अशी अट घातली. सुमारे ४०० बँकांची समजूत काढणे हे त्यातले सर्वांत चिकट काम होते, असे दिसते. आयकोका यांनी एक वर्ष १ डॉलर पगार घेतला. कामगारांनी वेतनकपात मान्य केली आणि त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांना संचालक मंडळावर जागा मिळाली. तरीही हजारो कामगारांना घरी जावे लागले आणि अनेक कारखाने कायमचे बंद झाले. कंपनी वाचली हे वाक्य त्यांच्या बाजूने वाचून पाहिले, तर ते इतके सरळ राहत नाही. गिरण्यांचे भोंगे थांबलेले ऐकणाऱ्या शहराला हे अधिक सांगायला नको.

कंपनीला प्रत्यक्षात तारले ते दोन वाहनांनी. पहिले म्हणजे १९८१ च्या मालिकेतील ‘के-कार’ : पुढच्या चाकांवर चालणारी, आटोपशीर, तरी सहा माणसे बसतील अशी. दुसरे त्याच धाटणीच्या यंत्रणेवर उभारलेली आणि १९८३ च्या अखेरीस आलेली मिनीव्हॅन. घराच्या गॅरेजात मावणारी, सरकत्या दाराची ही कुटुंबाची गाडी इतकी खपली, की अमेरिकेत मोठ्या स्टेशन वॅगनचा जमानाच संपला. हमीची कर्जे १९९० पर्यंत फेडायची होती. ती १९८३ मध्येच, सात वर्षे आधी, फिटली. शिवाय सरकारने जामीनकीच्या मोबदल्यात १ कोटी ४४ लाख समभाग ठरावीक भावाने घेण्याचे हक्क स्वतःकडे ठेवले होते, त्यांच्या विक्रीतून सरकारी तिजोरीला ३१ कोटी १० लाख डॉलर मिळाले. जामीनदाराचाच फायदा झाल्याचे आपल्या बँकेत एखादे तरी प्रकरण घडले होते का, ते अवश्य कळवावे.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनी ही क्रायस्लरची गाडी होती का? आणि आज ही कंपनी कोठे आहे? (दोन पत्रे एकत्र करून, एक टॅक्सीचालक आणि एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : पद्मिनी मूळची इटलीच्या फियाटची. स्वातंत्र्यानंतरच्या भारतात पेट्रोल खाणाऱ्या अवाढव्य डॉज-प्लिमथ मोटारी परवडणारे लोक थोडे; म्हणून प्रीमियरने १९५० च्या दशकात फियाटशी संबंध जोडले. फियाट ११०० या मोटारीचेच एक रूप पुढे, १९७० च्या दशकात, पद्मिनी या नावाने ओळखले जाऊ लागले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ते २०२३ पर्यंत रस्त्यावर दिसले. क्रायस्लरचा वारसा प्रीमियरकडे ट्रकांतून अधिक काळ राहिला. तिसरी सोबत प्यूजोची : १९९० च्या दशकात कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनत असे. गंमत अशी, की ही ३०९ आखली गेली ती क्रायस्लरने १९७८ मध्ये प्यूजोला विकलेल्या युरोपीय शाखेच्या ब्रिटनमधील जुन्या कार्यालयात. म्हणजे कल्याणची ती प्यूजोही आजोळाकडून क्रायस्लरचीच निघाली.

कंपनीचा पुढचा प्रवास थोडक्यात असा. १९८७ मध्ये तिने अमेरिकन मोटर्स ही कंपनी मुख्यतः जीपसाठी घेतली. ही जीप मूळची विलिस-ओव्हरलँडची, म्हणजे वॉल्टर यांनी एके काळी दहा लाखांच्या पगारावर सावरलेल्या कंपनीची. आणि महिंद्र यांनी भारतात १९४७ पासून जिची जुळणी केली तीही हीच जीप. १९९८ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी ३६ अब्ज डॉलरचे ‘बरोबरीचे’ विलीनीकरण झाले. बरोबरी नावापुरती होती, आणि दोन्ही घरांचे रीतिरिवाज कधी जुळले नाहीत. प्लिमथ हे नाव २००१ मध्ये संपले. २००७ मध्ये डाइमलरने ८०.१ टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक संस्थेला विकला. ३० एप्रिल २००९ रोजी कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. जूनमध्ये ती नव्या रूपात बाहेर आली, तेव्हा सूत्रे फियाटकडे होती. २०१४ मध्ये फियाटने तिची पूर्ण मालकी मिळवली आणि जानेवारी २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लर व प्यूजो समूह यांच्या विलीनीकरणातून स्टेलँटिस ही कंपनी तयार झाली. क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो या वालचंद यांच्या प्रीमियरने ज्या क्रमाने हाताशी धरल्या, त्या तिन्ही कंपन्या आज एकाच छपराखाली आहेत. हे कोणी ठरवून केलेले नाही. सोलापूरच्या वाचकांना तरी ते ठाऊक असावे, म्हणून नोंदवले.

खुद्द क्रायस्लर या नावाने आता अमेरिकेत मिनीव्हॅनच तेवढी विकली जाते. ‘३००’ या नावाच्या शेवटच्या मोठ्या मोटारीचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले. आपल्या राज्यात या घराण्याचे वाहन बनताना पाहायचे असेल, तर पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगाव येथे टाटा आणि फियाट यांचा भागीदारीतील कारखाना आहे. तेथे २०१७ पासून जीप कंपास तयार होते.